कोणी, ते विचारायचं नाही

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्या हॉस्पिटलला माहीत आहे, त्यामुळे इथे लपवण्यात अर्थ नाही. तळमजल्यावर आमची खोली. ऑपरेशनमध्ये वापरलेली हत्यारं वरून खाली येतात. आम्ही ती धुतो, पुसतो, ट्रेमध्ये लावतो, ट्रे दुहेरी कापडात बांधतो आणि वाफेच्या यंत्रात घालतो. थंड झाले की परत वर. आम्ही सात जण. वर्षापूर्वी आमच्या प्रमुख आक्का निवृत्त झाल्या आणि खोली तात्पुरती माझ्या ताब्यात आली.

आक्कांची एक पद्धत होती. खिडकीशी एक टेबल रिकामं ठेवलेलं. ज्याला एखाद्या ट्रेबद्दल शंका वाटेल त्याने तो तिथे नेऊन ठेवायचा. कापड ओलसर लागलं, गाठ सैल वाटली, काहीही असो. तो ट्रे पुन्हा पहिल्यापासून करायचा. कोणी ठेवला, ते विचारायचं नाही. दिवसाला पाच-सहा तरी निघायचे.

मला हे कधीच पटलं नाही. आमच्या घरी काही फुटलं-सांडलं की आम्हा दोघी बहिणींपैकी जिने केलं तिने पुढे यायचं, दोन धपाटे खायचे आणि मोकळं व्हायचं, अशी रीत. नाव न सांगता ट्रे ठेवून पसार होणं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं, असं माझं मत. खुर्चीवर बसल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी भिंतीवर फळा लावला. टेबलावर ट्रे ठेवणाऱ्याने फळ्यावर आपलं नाव आणि कारण लिहायचं.

"नाव कशाला, बाई?" मास्तरांनी विचारलं. मास्तर आमच्यातले सर्वांत जुने. पूर्वी शिकवण्या घ्यायचे म्हणून मास्तर.

"लाज वाटण्यासारखं काही केलं नसेल तर लिहायला काय जातंय?"

ते परत कामाला लागले. पुढे कुणीच काही बोललं नाही.

महिन्याभरात टेबल रिकामं राहायला लागलं. मी हॉस्पिटलच्या साहेबांकडे जाऊन सांगितलं, शंका संपल्या, काम सुधारलं. साहेब खूश. मीही खूश, का नसणार! आक्कांना मुद्दाम फोन करून ऐकवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "एकही नाही? जरा जास्तच झालं हे." मला वाटलं, म्हातारीच्या पोटात दुखतंय.

असे दहा-अकरा महिने गेले आणि माझ्या धाकट्या बहिणीचा गुडघा बदलायचं ठरलं. आमच्याच हॉस्पिटलात, शुक्रवारी, सकाळचं पहिलं ऑपरेशन. दोन वर्षं ती जिना चढताना रडत होती, आणि आता ऑपरेशनला घाबरत होती. "भीती बाहेरच्यांना," मी तिला म्हटलं, "तुझी हत्यारं माझ्या हातची आहेत." गुडघ्यात जंतू शिरले तर काय होतं ते मात्र मी तिला सांगितलं नव्हतं. बसवलेला गुडघा परत काढावा लागतो. कधी कधी पायही जातो.

शुक्रवारी सकाळी तिचे सहा ट्रे यंत्रातून निघून गाडीवर थंड होत होते. मी सहज एकाखाली हात घातला, तर कापड ओलं. ओल्या कापडातून जंतू आत जातात, हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात. आणि ते कापड पाव तासात वाळतं. वाळलं की चांगल्या ट्रेत आणि वाईट ट्रेत काडीचा फरक दिसत नाही. ज्याने बाहेर काढताना हात लावला, त्यालाच काय ते ठाऊक.

"हा गाडीवर कोणी ठेवला?" माझा आवाज चढला.

सगळे खाली माना घालून हत्यारं पुसत राहिले.

"ओलं लागलं नाही हाताला? की हात घरी ठेवून आलात?"

मास्तर पुढे आले आणि त्यांनी ट्रे उचलला. "परत लावतो, बाई."

"एक नाही, तिचे सहाही लावा."

"बरं." ते जागचे हलले नाहीत. "आणि बाकीचे?"

"कुठले बाकीचे?"

"आज नऊ ऑपरेशनं आहेत. नऊही जणांचे ट्रे सकाळपासून याच यंत्रातून निघालेत."

मी वळून बघितलं. ओळीने गाड्या उभ्या होत्या, अजून एकही वर गेली नव्हती. सगळे ट्रे कोरडे, नीटनेटके, दृष्ट लागावी असे. सगळेच परत लावायचे तर एका यंत्रावर पूर्ण दिवस जाणार, नऊही ऑपरेशनं रद्द. तिचे सहा परत लावले असते तर मला कुणी जाब विचारला नसता. खरं सांगते, दोन मिनिटं मी तोच विचार केला. धाकटी माझी, बाकीचे आठ जण माझे कोण? मग मास्तरांकडे बघितलं. मी म्हणेन तसं त्यांनी केलंही असतं. पण त्यानंतर त्या खोलीतल्या कुणी मला जन्मात काही सांगितलं नसतं, आणि त्यांचं काय चुकलं असतं?

मी ओलं फडकं घेऊन फळा पुसला, खिळ्यावरून उतरवला आणि बाहेर नेऊन ठेवला.

"वीस मिनिटं मी आत येत नाही," मी म्हटलं. "आज ज्याच्या हाताला ज्या ट्रेचं काही लागलं असेल, तो टेबलावर ठेवा. मी विचारणार नाही."

"नक्की?" मागून कुणीतरी म्हणालं.

"आईची शपथ."

बाहेरच्या बाकावर ती वीस मिनिटं काही केल्या सरेनात. आत गेले तर टेबलावर अकरा ट्रे, आणि जागा पुरली नाही म्हणून दोन खुर्चीवर. त्यात धाकटीचे आणखी दोन. 'कोणी' हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता. तो कसा गिळला ते माझं मला माहीत. बाह्या सरसावल्या आणि पहिला ट्रे मीच सोडला.

मग वर डॉक्टरांना फोन केला. अडीच तास उशीर होईल म्हटल्यावर ते भडकले.

"चूक कोणाची?"

"माझी."

"ट्रे तुम्ही बांधले होते?"

"नाही. पण चूक माझी आहे. माझं नाव लिहा."

"ते तर लिहिणारच," म्हणाले आणि फोन आपटला. लिहिलंही त्यांनी. माझी कायमची नेमणूक सहा महिने पुढे गेली. गेल्या दहा-अकरा महिन्यांत असे किती ट्रे वर गेले असतील कोण जाणे, हेही मी साहेबांना आपणहून सांगितलं. ते जुने पेशंट तपासायला लागले. खरा आकडा कुणाकडेच नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. पण हे नंतरचं.

त्याआधी मी धाकटीकडे गेले. हिरवा झगा घालून ती कॉटवर बसली होती, तोंड फुगवून.

"ताई, तुझ्याच खोलीमुळे उशीर झाला म्हणे? मी इथे उपाशी मरतेय!"

"हो. तुझ्या तीन ट्रेंमध्ये गडबड होती. परत लावलेत."

"गडबड? तू तर म्हणालीस, तुझ्या हातची आहेत."

"फुशारकी मारली मी. सात जणांच्या हातची आहेत."

तिचा चेहरा उतरला. तिने माझं मनगट घट्ट धरलं. "कोणी केला हा घोळ?"

"माहीत नाही."

"म्हणजे? विचारलं नाहीस?"

"नाही."

"तू?" तिचा विश्वासच बसेना. "तू विचारलं नाहीस?"

"नाही गं. विचारलं असतं तर ते ट्रे बाहेर आलेच नसते."

तेवढ्यात वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. धाकटीने माझं मनगट सोडलं.

"मग खरंच नीट केले असणार," ती म्हणाली आणि स्ट्रेचरवर आडवी झाली.