मुलाखतीला बसलेली खुर्ची

हलू नका, मित्रांनो. मान सरळ ठेवा आणि ऐका. मी केशकर्तनालयातली एक जुनी खुर्ची आहे. माझ्यावर बसून लोकांनी जगाला पुष्कळ ऐकवलं. आज माझी पाळी.

माझा पाया बिडाचा आहे, अंगावर तांबडं रेक्झिन आणि पोटात तेलाचा पंप. बाजूचा दांडा पायाने दाबला की बसलेला माणूस वर जातो. माणसाला वर नेणं इतकं सोपं काम जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. माझ्यावर नवरदेव बसले, रडकी पोरं बसली, निवडणुकीचे उमेदवार बसले. उमेदवारांना मी पक्ष न बघता वर उचललं. पडायचं त्यांनी आपापलं पाहिलं.

तरुणपणी माझं कौतुक फार. लोक केस वाढायची वाट न बघता यायचे. मग शेजारी एक नवी काळी खुर्ची आली. तिच्यावर कारागीर काम करू लागला आणि गिऱ्हाइकं तिच्याकडे धावू लागली. जो शर्यतीत हरेल तो माझ्या वाट्याला. त्यात माझा पंप गळू लागला. बसलेला माणूस गप्पांच्या ओघात हळूहळू खाली जातो आणि दाढी होईपर्यंत त्याला आरशात फक्त स्वतःचं कपाळ दिसतं. तरी मालकांनी मला सोडलं नाही. ते स्वतः माझ्यावरच काम करत.

एक गोष्ट मात्र मला पदवीधरांपेक्षा जास्त कळते, ती म्हणजे माणसाचे हात. भीती चेहऱ्यावर लपवता येते, पण माझ्या हातांवर ठेवलेल्या हातांत लपत नाही. वस्तरा मानेजवळ असला आणि मागे सामसूम असली की भलेभले पैलवान मला घट्ट धरतात. आमचे मालक म्हणूनच सतत बोलतात. "आता मागून थोडं कमी करतो. हां, कानामागे वस्तरा येतोय. झालं, गेला." एवढं ऐकलं की मुठी सुटतात.

मालक घरीही असेच बोलत. घरातलं सगळ्यांच्या वाटचं बोलणं ते एकटेच उरकत, त्यामुळे त्यांच्या मुलीला बोलायला काही शिल्लक राहिलंच नाही. ते तिला 'मौनीबाई' म्हणत. मौनीबाई संगणकाचे प्रोग्रॅम लिहायची आणि फार चांगले लिहायची. पण ती काम करायची ती छोटी कंपनी बंद पडायला आली होती. तिला एका अवाढव्य कंपनीत जायचं होतं. तिथल्या मुलाखतीत ती दोनदा नापास झाली होती. तिसरी संधी मिळाली, आणि कंपनीने कळवलं की ही हुकली तर पुढची बरीच वर्षं नाही.

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी दुकान रिकामं असायचं. मौनीबाई मार्कर घेऊन यायची आणि माझ्यासमोरच्या मोठ्या आरशावर गणितं सोडवायची. गोल काढायचे, गोलांना गावांची नावं द्यायची, मधून बाण न्यायचे. पुसायचं राहिलं तर दुसऱ्या दिवशी एखाद्या गृहस्थांच्या टकलावर बरोबर मधोमध बाण दिसायचा. ते म्हणायचे, "मालक, हे काय?" मालक म्हणायचे, "तिथे जायला सगळ्यात जवळचा रस्ता."

तिचा मावसभाऊ तशाच एका कंपनीत होता. तो परीक्षक होऊन माझ्यावर बसला. त्याने प्रश्न दिला. मौनीबाई आरशाकडे वळली आणि अर्ध्या तासाने म्हणाली, "झालं."

"काय झालं?"

"उत्तर."

"अगं, उत्तर दिसतंय मला, बरोबरही आहे. पण मी इतका वेळ तुझी पाठ बघतोय. तू विचार करत होतीस, अडकली होतीस की उभ्या उभ्या झोपली होतीस, मला कसं कळणार? तिथे समोरचा माणूस नोंदी करत असतो. तो काय लिहील? 'पाठ ताठ आहे'?"

"विचार करताना बोललं की विचार पळून जातो, दादा."

"मग नोकरीही त्याच्या मागोमाग जाते." तो एव्हाना पार खाली पोचला होता. "आणि ही खुर्ची मला गिळतेय की काय?"

दारात पेपर वाचत बसलेले मालक म्हणाले, "तिच्या वतीने मी बोलतो की! मला काही अडचण नाही."

"काका, नोकरी तिला हवीय."

त्याचे हात माझ्यावर होते, मित्रांनो. ती गप्प असताना त्याने मला चांगलंच घट्ट धरलं होतं. मला वाटलं, हे कुणीतरी हिला सांगावं. पण मी खुर्ची. मला बसवून घेता येतं, बसून समजावता येत नाही.

मग मालकांची दाढ दुखायला लागली. डॉक्टरांनी ती काढली, तोंडात कापसाचा बोळा घातला आणि दिवसभर बोलायचं नाही असं बजावलं. मालक तसेच दुकानात आले. दुपारी मौनीबाई त्यांच्यासाठी गार दूध घेऊन आली. माझ्यावर एक नवं गिऱ्हाईक होतं. जाड चष्म्याचे एक काका. चष्मा काढून ठेवल्यामुळे त्यांना आरसाही दिसत नव्हता. मालकांनी वस्तरा उचलला. शांतता. काकांनी मला असं पकडलं की माझं जुनं रेक्झिन चरचरलं.

"काही चुकलं का हो?" काकांनी विचारलं.

मालक म्हणाले, "अंहं."

"म्हणजे चुकलं?"

"अंहं, अंहं!"

काका उठायच्या बेतात आले. मौनीबाईची नजर त्यांच्या हातांवर गेली, पांढऱ्या पडलेल्या बोटांवर. ती दुधाचं भांडं तसंच धरून पुढे आली.

"काका, बाबांची दाढ काढलीय, म्हणून बोलत नाहीयेत. सगळं ठीक आहे. आता ते डाव्या कानामागे वस्तरा आणताहेत. हलू नका. हां, झालं. आता थांबलेत. उजवीकडचं आधी मापून बघताहेत."

काकांच्या मुठी सुटल्या. मौनीबाई त्या सुटताना बघत राहिली, आणि शेवटची पावडर लावेपर्यंत बोलत राहिली. निघताना काका म्हणाले, "तुमच्यापेक्षा मुलगी छान बोलते." मालकांना याचं उत्तर द्यायचं होतं, पण बोळा होता.

त्यानंतरच्या सुट्ट्यांना ती मावसभावाला माझ्यावर बसवून त्याच्या हातांकडे बघत, मोठ्याने बोलत गणितं सोडवू लागली. सुरुवातीला विचार खरंच पळायचे. ती त्यांना हाक मारून परत आणायची.

मुलाखत कॅमेऱ्यावर होती. घरी पाहुणे भरलेले, म्हणून ती दुकानात आली. लहान मुलांना बसवायची फळी तिने माझ्या हातांवर आडवी टाकली, तिच्यावर लॅपटॉप ठेवला आणि बाबा उभे राहतात तिथेच स्टूल ओढून बसली. म्हणजे परीक्षक बाई माझ्यावर बसल्या म्हणायच्या. प्रश्न जवळच्या रस्त्याचाच होता, फक्त गावं फार होती.

"आधी शेजारची गावं बघते," मौनीबाई म्हणाली, "मग त्यांच्या शेजारची. थांबा. हे चुकतंय. असं केलं तर मी त्याच त्याच गावात फिरत राहीन. कुठे जाऊन आले त्याची खूण ठेवायला हवी."

पंप गळत होता आणि लॅपटॉप खाली खाली चालला होता. पडद्यातून बाई म्हणाल्या, "मला आता फक्त तुमची हनुवटी दिसतेय."

"माफ करा. मी खुर्चीवर लॅपटॉप ठेवलाय आणि खुर्ची खाली बसतेय. दांडा दाबून वर घेते. दोनदा दाबावं लागेल. हां. आता दिसतेय का?"

बाई खळखळून हसल्या. "दिसताय. आणि कुठे होता तेही कळतंय. पुढे?"

पुढे तिने खूण ठेवली आणि रस्ता काढला.

काही दिवसांनी भरल्या दुकानात मालक शाळेच्या मुख्याध्यापकांची दाढी करत होते. मौनीबाई धावत आली आणि तिने फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. मालकांनी वाचलं. बोलणं थांबलं. मुख्याध्यापकांचा अर्धा चेहरा फेसात होता. त्यांनी मला गच्च पकडलं.

"काय झालं हो?"

"काही नाही, सर," मौनीबाई म्हणाली. "मला नोकरी लागली. बाबा रडताहेत. वस्तरा त्यांनी खाली ठेवलाय."

आता ती मोठ्या कंपनीत जाते. परवा तिने माझा पंप दुरुस्त करायला एका मिस्त्रीला आणलं. तो मला उलटीपालटी करून म्हणाला, "हिचे सुटे भाग मिळत नाहीत. भंगारात द्या." मग तो, मालक आणि ती बोलत बोलत बाहेर गेले आणि दार लोटून घेतलं. काय ठरलं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी दाढीला, कटिंगला दुकानात आलात तर मालकांना एवढं विचारा, मला ठेवणार का. हो असो, नाही असो, पण मला येऊन सांगा.