कडेची मुलगी

"काका, जरा बाजूला व्हा. फ्रेममध्ये येताय तुम्ही."

खेळाच्या सरांनी हे अगदी सहज म्हटलं. फोन आडवा धरून, एक डोळा बारीक करून ते सातवीच्या वर्गासमोर उभे होते. आणि बाजूला व्हायला सांगितलं ते स्टेडीकाकांना. सव्वीस वर्षं ज्यांनी या शाळेतल्या प्रत्येक वर्गाचा फोटो काढला, त्या माणसाला. काका आपला स्टँड उचलून भिंतीकडे सरकले. सरकताना स्टँडचा पाय बाकाला अडकला, काका धडपडले आणि मुलं हसली.

बटण दाबण्याआधी एक बोट वर करून ते "स्टेडीऽऽ" असं लांबवून म्हणायचे, म्हणून हे नाव. काही घरांत बाप आणि लेक दोघंही त्यांना स्टेडीकाकाच म्हणत. शाळेकडून बोलावणं यायची वाट त्यांनी कधी पाहिली नव्हती. वार्षिक परीक्षेच्या महिनाभर आधीचा शनिवार आला की ते सकाळी सात वाजता हजर व्हायचे, झाडाखाली चार पायऱ्यांनी बाकं मांडायचे, दोरी लावून रांगा सरळ करायचे. त्याही शनिवारी त्यांनी तेच केलं होतं. बाकं मांडून झाल्यावर मोठ्या बाई आल्या. या वर्षी नव्यानेच आल्या होत्या त्या. त्यांनी सगळ्या मुलांदेखत विचारलं, निरोप नाही का मिळाला. यंदापासून फोटो सरांच्या फोनवरच काढायचे ठरलं होतं. दोन मिनिटांचं काम, आणि लगेच पालकांच्या ग्रुपवर. मग काकांच्या कॅमेऱ्याकडे बघून त्या हसत म्हणाल्या, "हा आता म्युझियमला देऊन टाका. तिथे तिकीट लावून बघतील लोक."

मुलं तेव्हाही हसली होती.

काका घरी आले ते न जेवताच आडवे झाले. बायकोने दोनदा विचारलं, मग नाद सोडला. तिला नवऱ्याचा स्वभाव ठाऊक होता. भांडणारा माणूस नव्हता तो, पण एकदा डूख धरला की सोडायचा नाही. पुढचे आठ दिवस ते दुकानात पासपोर्टचे फोटो काढत होते, गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी वर करत होते, आणि मनात फक्त दोनच वाक्यं घोळवत होते: फ्रेममध्ये येताय तुम्ही. म्युझियमला देऊन टाका.

नवव्या दिवशी देवाने ऐकल्यासारखं झालं. एक पालक दुकानात आला. त्याला ग्रुपवर आलेला सातवीचा फोटो कागदावर हवा होता. काका फोनवरचे फोटोही छापून देत, धंदाच त्यावर चालला होता. त्यांनी फोटो संगणकावर घेतला, गिऱ्हाइकाला छापून दिला, आणि तो गेल्यावर दुकानाचं दार आतून लावून फोटो मोठा करत बसले.

आधी एकूण बघितला. लहान आकारात झकास दिसत होता, हे त्यांनाही नाकारता येईना. उन्हाचा त्रास नको म्हणून सरांनी मुलांना व्हरांड्याच्या सावलीत दोन लांबलचक रांगांत उभं केलं होतं. असल्या सावलीत काकांच्या कॅमेऱ्याने मान टाकली असती, पण फोनने सगळं उजळ करून ठेवलं होतं. मग त्यांनी एकेक चेहरा जवळ आणला. सगळे मेणाचे. कुणाच्या गालावर तीळ नाही, नाकावर घाम नाही. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलाच्या हाताला सहा बोटं. व्हरांड्यात मागे सरायला जागा नव्हती, तेव्हा सरांनी फोन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला असणार आणि फोनने तुकडे शिवून एक केले असणार. काका शिवण शोधत शोधत उजव्या कडेला पोचले.

कडेला एक मुलगी होती. फोन तिच्यापर्यंत आला त्याच क्षणी तिने मान वळवली असावी. तिला एकाऐवजी दीड तोंड आलं होतं. एक डोळा डोळ्याच्या जागी, दुसरा कानाजवळ, ओठ गालावरून ओघळलेले, हनुवटी अर्धी गायब.

आठ दिवसांत काका पहिल्यांदा हसले. चांगले मोठ्याने हसले.

त्यांनी तो फोटो तीन फूट रुंद छापला. मुलीच्या तोंडाभोवती लाल रंगाने गोल काढला, खाली ठळक अक्षरांत लिहिलं, "फोनने काढलेला फोटो. नीट बघा." आणि दुकानाच्या काचेत, रस्त्यावरून जाणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर लावला. बाजूला पंधरा वर्षांपूर्वीचा आपला एक वर्गफोटो, कडेच्या मुलाच्या बुटाची नाडीही स्पष्ट दिसावी असा.

बायको डबा घेऊन आली तेव्हा काचेसमोर थबकली. आत येऊन म्हणाली, "अहो, कुणाची तरी पोर आहे ती."

"पोर नाही. चूक आहे ती," काका म्हणाले. "सरांची."

तिने डबा ठेवला आणि निघून गेली.

दुकानासमोर लोक थांबू लागले. हसू लागले. काका बाहेर येऊन समजावून सांगत, की भिंगातून आत आलेला उजेड हा खरा, बाकी सगळी फोनची कारागिरी. "फोन दिसतं ते काढत नाही," ते म्हणत. "त्याला वाटतं ते काढतो. कमी पडलं की पदरचं घालतो." लोक मान डोलावत आणि खिशातून आपापले फोन काढून काचेतल्या फोटोचे फोटो घेत. चार दिवसांत ते दीड तोंड गावभर झालं.

पाचव्या दिवशी खेळाचे सर आले. त्यांचा चेहरा उतरला होता. मोठ्या बाईंनी त्यांना लेखी जाब विचारला होता, पालक फोन करकरून शाळेचं डोकं खात होते. सर काचेपाशीच उभे राहून हळू आवाजात सांगू लागले, की हौस म्हणून हे अंगावर घेतलं नव्हतं, वरून हुकूम आला म्हणून घेतलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. हे वाक्य त्यांनी तेरा दिवस तोंडात धरून ठेवलं होतं.

"सर, जरा बाजूला व्हा," ते म्हणाले. "लोकांना दिसत नाहीये."

त्या दुपारी काका दोन पोळ्या जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी एक बाई आली. बसकंडक्टरचा गणवेश, खांद्याला तिकिटांची पिशवी. पाळी संपवून सरळ इकडेच आलेली दिसत होती. काकांना वाटलं, ओळखपत्रासाठी फोटो हवा असेल. त्यांनी दिवे लावले, स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

"काचेत गोल केलाय ना, ती माझी मुलगी," ती म्हणाली.

काका ती चिडेल म्हणून तयारीत राहिले. चिडली असती तर त्यांच्याकडे उत्तरं होती. पण तिने खिशातून फोन काढला, त्याच्या काचेला आडवा तडा गेला होता, आणि एक फोटो शोधून त्यांच्यापुढे धरला. "अशी आहे ती," ती म्हणाली. "नीट बघा."

चालत्या बसच्या शेवटच्या सीटवर काढलेला फोटो होता. खिडकीतून संध्याकाळचा उजेड तिरपा आत आलेला. मुलगी काहीतरी सांगता सांगता हसत सुटली होती, एक दात किंचित पुढे, केसांची बट तोंडात गेलेली. फोटो थोडा हलला होता आणि कमी उजेडामुळे त्यात रवाळ ठिपके आले होते. काका बघतच राहिले. सव्वीस वर्षांत त्यांनी हजारो मुलांना स्टेडी म्हटलं होतं, आणि त्यांच्याकडे असा एकही चेहरा नव्हता. त्यांच्यासमोर येऊन कधी कुणी असं हसलं नव्हतं. हे त्यांना कळलं, आणि त्याचा रागही आला.

वर्गात तिला आता 'दीडतोंडी' म्हणतात, असं आईने सांगितलं. मुलगी मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर पडत नाही. जाता-येता तोंडाला रुमाल बांधते.

काकांनी काचेतला फोटो तिच्यादेखत उतरवला. घडी घातली तर तोंडावरच घडी पडेल म्हणून गुंडाळी केली. "चुकलं माझं," हे ओठांवर आलं होतं, पण बाहेर पडलं ते भलतंच. ते म्हणाले, "फोटो सरांनी काढलाय."

"हो," ती म्हणाली. "सरांच्या फोटोत ती कुणालाच दिसली नव्हती. गोल तुम्ही केलात." आणि पिशवी खांद्यावर सारखी करून ती गेली.

पुढच्या आठवड्यात मोठ्या बाई स्वतः दुकानात आल्या. एका म्हाताऱ्याचा फोटो चालू होता. काकांनी त्याच्या शर्टाची कॉलर तीनदा नीट केली, दिवा मागेपुढे केला, बाईंना चांगली वीस मिनिटं बसवून ठेवलं. मग त्यांचं म्हणणं ऐकलं. सातवीचा फोटो पुन्हा काढायचा होता, काकांनी यावं, झालं गेलं विसरावं. काका म्हणाले, येतो. पण म्युझियमचं जे मुलांसमोर बोललात, ते मुलांसमोरच मागे घ्या. बाईंचे कान लाल झाले. तरी हो म्हणाल्या.

आणि शनिवारी त्यांनी ते खरंच मागे घेतलं, झाडाखाली, अख्ख्या वर्गापुढे, आणि टाळ्याही वाजवल्या. काकांच्या मनासारखं सगळं घडत होतं. सर निमूटपणे बाकं उचलत होते. काका दोरी लावून रांगा सरळ करत होते आणि मनाशी म्हणत होते, की आज त्या पोरीचा असा फोटो काढायचा, की लोक दीड तोंड विसरून जातील. तिला कडेला नको, मधेच उभी करू.

रांगा लागल्या. सत्तावन्न मुलं भरली. हवी होती अठ्ठावन्न.

ती वर्गात होती. काका आत गेले. शेवटच्या बाकावर बसून ती वहीला कागद चढवत होती, रुमाल नाकावर. काकांनी तिला सांगितलं, की बाहेर सगळे थांबलेत, ऊन वाढतंय, फोटो आपल्या मोठ्या कॅमेऱ्यावर आहे, काही बिघडायचं नाही. ती ऐकत होती. मग तिने विचारलं,

"माझ्या तोंडाभोवती लाल गोल तुम्हीच काढला होता ना?"

"हो," काका म्हणाले.

"मग मी नाही येत."

ती रागावली नव्हती. तिने कागदाची कड नखाने दाबून घडी पक्की केली आणि दुसरी वही घेतली. सरांसाठीचं वाक्य काकांनी तेरा दिवस जपलं होतं, तिच्यासाठी एकही ठरवलं नव्हतं. "चुकलं माझं," ते शेवटी म्हणाले. तिने मान हलवली, कबूल असल्यासारखी, पण उठली नाही.

बाहेर मोठ्या बाई म्हणाल्या, एका मुलीसाठी किती वेळ थांबायचं, मुलींना जवळ सरकवून घ्या. काकांनी कुणाला सरकू दिलं नाही. दुसऱ्या ओळीत, मधोमध, त्यांनी एका माणसाची जागा मोकळी ठेवली, आणि दोन्ही बाजूंच्या मुलींना सांगितलं, की कितीही वाटलं तरी जवळ सरकायचं नाही. सर जवळ आले. दबकत म्हणाले, तिचा जुना फोटो असेल तर फोनवर त्या जागी बसवता येतो आता. इतका बेमालूम, की कुणाला कळणारसुद्धा नाही.

"नको," काका म्हणाले. "ती आली नाही. नाही आली तसंच दिसू दे."

त्यांनी बोट वर केलं. नेहमीचा शब्द मात्र त्यांच्या तोंडून निघाला नाही. मुलं आपसूकच गप्प झाली आणि त्यांनी बटण दाबलं.

फोटो सुरेख आला. कडेपासून कडेपर्यंत लख्ख. प्रत्येक तीळ, प्रत्येक गुंडी, झाडाच्या सालीवरची मुंग्यांची ओळ. आणि मधली मोकळी जागाही तितकीच लख्ख, तिच्यातून मागच्या बाकाची फळी आणि फळीवर कुणीतरी कर्कटकाने कोरलेला बाण दिसत होता. फोटोखाली ओळीने नावं छापायची असत. काकांनी सत्तावन्न नावं लावली, आणि मोकळ्या जागेखाली अठ्ठावन्नावं लावलं. गैरहजर असा शब्द कंसात घालायची पद्धत होती, तो घातला नाही.

शाळेत वाटप झालं, एक पाकीट परत आलं. काका ते घेऊन बसथांब्यावर गेले. दोन बस सोडल्या, तिसरीत ती बाई होती. गर्दी बरीच होती. ती वाट काढत त्यांच्यापर्यंत आली.

"कुठं?"

"शेवटपर्यंत," काका म्हणाले.

तिने तिकीट फाडून दिलं. काकांनी पाकीट पुढे केलं. म्हणाले, सातवीचा फोटो आहे, तिची जागा ठेवलीय, खाली नावही आहे. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं, उघडलं मात्र नाही.

"तिला देते," ती म्हणाली. "बघायचा की नाही, ते तिचं ती ठरवेल."

पाकीट वाकू नये म्हणून तिने ते तिकिटांच्या पिशवीत उभं सरकवलं. मग दोरी ओढून घंटा दिली.

"पुढे सरका," ती म्हणाली. "मागे माणसं चढताहेत."

काका दांडी धरून पुढे सरकले.