मधली बरणी तेवढी बरोबर

मासे मोजणं हे काम कोणालाही जमेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या प्रयोगशाळेत येऊन बसावं. बोटाएवढा मासा, त्याच्या पोटाखाली बारीक दिव्यांच्या रांगा, एका जातीत शेपटीजवळ चार दिवे तर दुसरीत पाच. सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, मोजायचा, बरणीत टाकायचा. आम्ही त्यांना दिवेवाले म्हणतो. सव्वीस वर्षं मी हेच करतेय. मान गेली, चष्म्याचा नंबर वाढला, पण एका माशाची जात चुकले असं कोणी दाखवून द्यावं.

या दिवेवाल्यांची एक रीत असते. दिवसा पाचसहाशे मीटर खाली काळोखात राहायचं, दिवस मावळला की पोट भरायला थव्यानं वर यायचं आणि उजाडायच्या आत पुन्हा खाली. माझ्या धाकट्या बहिणीनं मात्र समुद्राच्या एका पट्ट्यापुरतं वेगळंच शोधून काढलं होतं. तिथले दिवेवाले वर येतच नाहीत, रात्रीसुद्धा खालीच असतात, असं.

या बहिणीला घरी शेपूट म्हणतात, कारण लहानपणी ती सदान्‌कदा माझ्या मागेमागे असायची. मला डबा द्यायला म्हणून एकदा इथं आली, माझ्या स्टुलावर चढून तिनं मासा बघितला आणि हलायलाच तयार होईना. पुढे शिकली, इथंच संशोधक मॅडम झाली. मी राहिले स्टुलावर. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाटत असतं तर बोलून दाखवलं असतं, माझ्या पोटात काही राहत नाही.

नऊ वर्षं ती कंत्राटावर होती, दर वर्षी मुदतवाढीच्या कागदाकडे डोळे लावून. आता कायमची जागा निघाली होती. सोमवारी समितीपुढे बोलायचं होतं, आणि सगळी भिस्त त्या वर न येणाऱ्या माशांवर. आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी तिला सुचवलं की खाली राहून हे मासे खातात काय, तेही दाखवा. म्हणून बुधवारी तिनं ज्या सफरीवर तो शोध उभा होता, तिच्या सात वर्षांपूर्वीच्या बरण्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या आणि जरा पोटं उघडून दे म्हणाली.

उघडली. बरणीवर लिहिलेलं, रात्र, सहाशे मीटर. मासे बावीस. पहिल्याच पोटात तिळाएवढे कवचाचे जीव निघाले, पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहणारे, आणि तेही नुकतेच गिळल्यासारखे, पाय न् पाय शाबूत. मला आधी शेपटीचाच राग आला. म्हटलं, बरण्यांची अदलाबदल केली बयेनं. दुसरं पोट उघडलं, तिसरं उघडलं, तेच. वर जेवलेला मासा सहाशे मीटर खाली पोचेपर्यंत त्याच्या पोटात इतकं धड काही उरत नाही. मग वरच्या थराची म्हणून ठेवलेली बरणी घेतली. तिच्यात तीनच मासे होते, तिघांची पोटं रिकामी.

बरणीतली चिठ्ठी मी चिमट्यानं बाहेर काढली. आमच्याकडे जाड कागदावर पेन्सिलीनं लिहून चिठ्ठी आतच सोडतात, शाई टिकत नाही. अक्षर माझं होतं, आणि सुरेख होतं. तिथंच माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण हलत्या डेकवर ओल्या हातानं कोणाचंच अक्षर सुरेख येत नाही.

त्या सफरीला मी गेले होते. एकाच चौकटीवर पाच जाळी असतात. चौकट खाली सोडताना सगळी बंद ठेवतात आणि वर ओढताना एकेक उघडून मिटत आणतात. म्हणजे पहिलं जाळं सगळ्यात खालचं, पाचवं सगळ्यात वरचं. जाळ्याच्या टोकाची माशांची बादली हातात आल्याशिवाय तिची चिठ्ठी लिहायची नाही, हा नियम नव्या लोकांना मीच घसा फोडून शिकवते. आणि त्या रात्रीच्या दोन्ही खेपांच्या चिठ्ठ्या मी संध्याकाळीच केबिनमध्ये बसून लिहून ठेवल्या होत्या. समोर भिंतीवर समुद्राच्या थरांचा तक्ता होता, त्यात बघून, वरून खाली, एक ते पाच. घाई नव्हती, नुसता दीडशहाणेपणा. मधली बरणी तेवढी बरोबर, बाकी सगळं उलटं. थव्यांचा माग काढणारं यंत्र त्या सफरीत बंद पडलं होतं, त्यामुळे मला खोटं पाडणारंही कोणी नव्हतं. मासे बिचारे रोजच्यासारखे वर आले होते.

दोन दिवस मी तोंड उघडलं नाही. सांगायला लाज वाटते, पण गप्प राहणं सोपं होतं. पोटातलं काही ओळखू येत नाही, असं मी लिहून दिलं असतं तर सगळ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला असता. घरी आई समितीत कोण कोण असणार ते पुन्हापुन्हा विचारत होती. शेपूट जेवताना भाषण पुटपुटत होती. मी तिच्यावर दोनदा उगाचच खेकसले.

शनिवारी प्रयोगशाळेत आम्ही दोघीच होतो. मी चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. माझ्या स्टुलावर बसून तिनं बावीसच्या बावीस पोटं स्वतः तपासली. मग उठली, हात धुतले.

"ताई, सोमवारनंतर सांगता आलं नसतं का गं तुला?"

"आलं असतं," मी म्हणाले.

सोमवारी ती समितीपुढे गेली आणि आपला निष्कर्ष मागे घेऊन पाच मिनिटांत बाहेर आली. जागा शेवाळावर काम करणाऱ्या एका गृहस्थांना मिळाली. पुढच्या महिन्यात तिचं कंत्राट संपलं, मुदतवाढ आली नाही. माझ्यावर ती चिडली नाही. चिडली असती तर मी दुप्पट चिडले असते आणि प्रकरण मिटलं असतं. आमच्या घरात भांडणं अशीच मिटतात.

शेवटच्या आठवड्यात ती शोधपत्रिकेला पाठवायचं दुरुस्तीचं पत्र घेऊन आली, नजर टाक म्हणाली. जहाजावर चिठ्ठ्या लिहिताना चूक झाली, एवढंच त्यात होतं. कोणाकडून, ते नव्हतं. माझं टाळकं सरकलं. म्हटलं, चूक माझी आहे, नाव माझं घाल, मला कोणाची दया नको. पेन्सिल उचलून मी स्वतःच लिहायला घेतलं. तिनं कागद माझ्या हाताखालून ओढून घेतला.

"दया कसली डोंबलाची?" ती म्हणाली. "तुझं नाव वाचल्यावर साहेब तुला इथं ठेवतील? माझी नोकरी गेली. तुझीही गेली तर आईला काय खायला घालायचं?"

आवाज चढवून नाही, भाजी काय आणू विचारावं तसं म्हणाली. तिनं पत्र पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं आणि पोस्टात टाकायला निघून गेली. मला रडू फुटलं. सूक्ष्मदर्शकापाशी रडून चालत नाही, काच धुरकट होते. मी जिन्यात जाऊन रडले.