दाट थेंब

निजामपुऱ्यातल्या गोदामात सकाळीच कापडाचा ताका परत आला. या महिन्यातला तिसरा. सुपरवायझर हरेशने तो टेबलावर पसरला, एका ठिकाणी बोट ठेवलं आणि ते सरळ टोकापर्यंत ओढत नेलं. उभा धागा तुटला होता आणि कापडात लांबलचक फट पडली होती.

"तुळजाबाई, हे तर आंधळ्याच्या पण हाताला लागेल."

"डोल्यात औषध घातलं व्हतं, हरेशभाऊ."

"मग औषधाने जास्त दिसायला पाहिजे ना? अजून एक ताका वापस आला तर मशीन त्या नव्या रुचिकाला. तुम्ही कांड्या भरायला जा."

सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात पगार कमी आणि कापसाची धूळ दुप्पट. तुळजाला तिथे जायचं नव्हतं. तिच्या तपासणीच्या मशीनवर तिरपी काच होती, काचेमागे ट्यूबलाइट. पायाखालचं पेडल दाबलं की कापड काचेवरून सरकायचं, पाय उचलला की थांबायचं. पापणी मिटली की खोट सुटली, हे तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं आणि ती ते इतकं शिकली होती, की ती किती वेळ डोळा मिटत नाही यावर बायका चहाच्या पैजा लावायच्या.

वर्षभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. मेडिकलमधून आणलेले थेंब पाण्यासारखे पातळ. घातले की गार वाटायचं, जरा कापड पुढे गेलं की पुन्हा वाळू. म्हणून ती डोळ्यांच्या डॉक्टर मेघाली मॅडमकडे गेली. त्यांनी दाट थेंब दिले. तुळजाने ते मशीनवर बसून घातले आणि लगेच पेडल दाबलं. पेजेतून बघावं तसं सगळं पांढुरकं झालं. आता निवळेल, मग निवळेल, म्हणेपर्यंत तुटका धागा समोरून निघून गेला होता.

ताका परत आला त्याच संध्याकाळी तिने ती बाटली मॅडमच्या टेबलावर आपटली.

"हे परत घ्या. माझं काम जायला आलंय याच्यापायी."

मॅडमनी तिच्या डोळ्याला पिवळा रंग सोडणारी कागदी पट्टी टेकवली, निळा उजेड पाडला. "आता मिटू नका."

तुळजा खूश झाली. हे तिला येत होतं.

"तुटला," मॅडम म्हणाल्या.

"काय तुटला?"

"डोळ्यावर पाण्याचा पडदा असतो. तुमचा लगेच तुटतो, कोरडे ठिपके पडतात."

"पण मी डोला मिटलाच न्हाय!"

"म्हणूनच. पापणी मिटली की तो पडदा पुन्हा पसरतो. पातळ थेंब वाहून जातो. दाट टिकतो, पडदाही जास्त वेळ धरतो, पण पसरेपर्यंत धूसर दिसणारच. आणि तुम्ही त्याला पसरू देत नाही."

"मंग असा द्या, जो टिकंल आन धूसर पन करनार न्हाय."

"असा नसतो. दाट झोपताना घाला. दिवसासाठी दाट आणि पातळ यांच्या मधला देते, त्याने धूसरपणा कमी. घातल्यावर जरा डोळे मिटून बसा. काम करताना मधूनमधून पापण्या मिटा."

"मशीन चालू असताना?"

"थांबवा ना मशीन."

"तुमचं बरंय," तुळजा म्हणाली. मॅडमनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी तिने हरेशला विचारलं, मशीन मधेमधे थांबवू का. तो म्हणाला, "चहाला थांबतंय तेवढं बस." मग चहाच्या वेळी ती थेंब घालून भिंतीला टेकून डोळे मिटून बसू लागली. बायका म्हणाल्या, "तुळजा समाधीला बसली बघ." तिचा चहा रोज गार व्हायचा. मशीनवर मात्र तिने कुणाला विचारलं नाही. थोडं कापड गेलं की पाय उचलायचा, पापण्या घट्ट मिटायच्या, उघडायच्या, पेडल दाबायचं. डोळ्यांतली वाळू कमी झाली. अंगाला लागलेली सवय मात्र रोज आडवी यायची. पाय उचलायची ती आणि डोळे तसेच ताठ.

त्यानंतर तिने तपासलेला सगळा माल विकत घेणाऱ्या पार्टीने ठेवून घेतला. एकही ताका परत आला नाही.

"ते ठीक आहे," हरेश म्हणाला, "पण दिवसाला तपासायचे मीटर कमी पडतात. मशीन सारखं अडतंय तुमचं."

"परत आलेले ताके पुन्हा तपासण्यात येल जायचा, त्यो कुनी मोजला?"

हरेशने फोन कानाला लावला. तो ठेवल्यावर म्हणाला, "मशीन तुमच्याकडेच राहील. पण रुचिकाला बाजूला बसवतो, शिकवा. मीटर भरले पाहिजेत."

रुचिका नवी होती, हुशार होती. ती काचेवर वाकली आणि कापड सरकू लागताच तिने डोळे मोठे केले. तुळजा कापडाऐवजी तिच्याकडेच बघत राहिली. मुलीचे डोळे पाणावले, कडा लाल झाल्या, तरी पापणी हलेना. तुळजाने पाय उचलला.

"मिट."

"पण ताई, धागा सुटेल. हरेशभाऊ बोलले, पापणी..."

"थांबलेला धागा कुठं पलतोय? मिट."

आतून हरेश ओरडला, "मशीन का बंद पडलं?"

रुचिकाने घाबरून त्या दिशेला पाहिलं. तुळजाने पाय वरच धरला.

"आधी मिट," ती म्हणाली.