शाबूत काच

माणसं टपाल तिकिटं जमवतात, जुनी नाणी जमवतात. आमच्या शेजारच्या चारुताताई फ्रिजवर चिकटवायची चुंबकं जमवतात. आमचे हे आगीच्या पेट्या जमवतात. म्हणजे भिंतीवरची ती लाल पेटी हो, आग दिसली की जिची दांडी खाली खेचायची आणि मग इमारतभर घंटा वाजते. नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटमधली एक अख्खी भिंत अशा पेट्यांनी भरली आहे आणि त्यातली एकही वाजत नाही. गॅसवर दूध उतू गेलं तरी यांना पत्ता नसतो, तो भाग वेगळा.

हे सगळं बँकेपासून सुरू झालं. अविनाश बँकेत होते आणि नोकरीभर त्यांच्या खुर्चीमागे अशी एक पेटी होती. निवृत्तीच्या सुमारास शाखेची रंगरंगोटी निघाली, पेटी उखडून कोपऱ्यात पडली, ती हे पिशवीत घालून घरी घेऊन आले. मला म्हणाले, "आयुष्यभर पाठीशी होती, कुमुद, पण कधी खेचून पाहिली नाही. खेचली असती तर काय झालं असतं?" मी म्हटलं, "मेमो मिळाला असता." पण किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. कोणतीही जुनी पेटी हाती आली की यांचा पहिला प्रश्न ठरलेला, हिला कधी कुणी खेचलं होतं का?

दिवाळीनंतर तळोज्याच्या भंगारवाल्या कुंदनचा फोन आला. कुठलासा बंद पडलेला केमिकल कारखाना तोडत होते, त्यात एक वेगळी पेटी निघाली होती. हे रिक्षा करून गेले आणि पेटी मांडीवर घेऊन परत आले. आमच्या मुलीला हॉस्पिटलातून घरी आणताना इतकं जपलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरला, मागचं झाकण उघडलं, टॉर्च मारला आणि यांचा चेहरा उजळला.

"काच शाबूत आहे, कुमुद. आतली काच शाबूत आहे."

मला इतक्या वर्षांत एवढं समजलंय की आपल्याकडे बहुतेक पेट्यांत पुढची काच फोडून बटण दाबायचं असतं. ही अमेरिकन यंत्रांबरोबर आलेली जुनी पेटी. हिच्या आत पेन्सिलीएवढी काचेची कांडी असते. दांडी खेचली की कांडी मोडते, म्हणजे पेटी खेचली गेली हे नंतर कुणालाही कळतं. मूळची कांडी न मोडलेली पेटी मिळणं म्हणजे लॉटरी.

मला मात्र बाहेरचीच गंमत वाटली. पेटीवर लाल ऑइलपेंटचे थर एकावर एक चढले होते. वर पिवळ्या रंगाचं छोटं स्वस्तिक, फटींत सुकलेलं कुंकू, आणि दांडीभोवती गुंडाळलेला, अर्धा रंगाखाली गेलेला एक निळा दोरा.

"अमेरिकेत पूजा करतात वाटतं," मी म्हटलं.

"खंडेनवमी," हे म्हणाले. "कारखान्यात यंत्रांची पूजा होते ना, तशी हिचीही झाली. दरवर्षी नवा रंग, नवा हार. पण झेंडूचा हार नायलॉनच्या दोऱ्यात कोण ओवतं?" आता हा प्रश्न चार दिवस पुरणार, हे मी ओळखलं.

तेवढ्यात कमळाकर आला. कमळाकर म्हणजे आमचा मासेवाला. त्याची बायको शांती पनवेलच्या बाजारात बसते, आणि तो स्कूटरवरून घरोघरी मासे पोचवतो. गुणी माणूस, पण मान कायम खाली. त्याने बांगड्यांची पिशवी पुढे केली आणि टेबलाकडे पाहून दारातच खिळला.

"ह्यो स्वस्तिक माजा हाय," तो म्हणाला.

मी त्याला बसवलं, पाणी दिलं. हळूहळू बोलला. तो त्या कारखान्यात कामाला होता, आणि त्याच्याच गावचा, त्याचा जिवाभावाचा मित्र शिवासुद्धा. एक दिवस शिवा आतल्या खोलीत टाकी साफ करत असताना आग लागली. कमळाकर दाराशी होता. तो पेटीकडे धावला.

"मी दांडी खेचली, ताई. दोनी हातांनी खेचली. घंटा वाजलीच नाय. मंग गेटापर्यंत बोंबलत धावलो. मानसं येईस्तवर शिवा गेला."

"मग?" यांनी विचारलं.

"चौकशी झाली. सायबांनी पेटी उघडली, आत बॅटरी मारली, नि म्हनाले काच शाबूत हाय. म्हंजे ह्याने हातच लावला नाय, जीव घेऊन पलाला." तो टेबलाकडे बघत राहिला. "सगल्यांनी इतक्या वेळा सांगितलं, की आता माजं मलाच समजत नाय. खेचली का खेचल्यासारकं वाटलं?"

ज्या काचेवर आमचे हे मघाशी लहान मुलासारखे खूश झाले होते, त्याच काचेने या माणसाला भ्याड ठरवलं होतं. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी टॉर्च बंद करून खिशात ठेवला होता.

सोनाबाईचं नाव शेवटी निघालं. सोनाबाई शिवाची बायको. तीही बाजारात मासे विकते, शांतीपासून हाकेच्या अंतरावर. पूर्वी कमळाकरला भावजी म्हणायची, सणाला पहिलं ताट त्याचं वाढायची. आगीनंतर तिने त्याचं नाव घेणंच सोडलं. त्याच्याविषयी बोलायची वेळ आली तर 'तो' म्हणते, तेही तोंड फिरवून.

कमळाकर गेल्यावर यांनी भिंग काढलं. जेवण नाही, बातम्या नाहीत. मी दोनदा ओरडले, मग मीही खुर्ची ओढून बसले, खोटं कशाला बोलू. दांडीच्या खाचेत रंग भरून दगडासारखा झाला होता. निळा दोरा दांडीभोवती आणि तिच्या मागच्या पट्टीभोवती गुंडाळलेला, त्यावर रंग, त्यावर पुन्हा दोरा, पुन्हा रंग. आणि उजव्या बाजूला रंगाला एक तडा होता. तिथली लोखंडी दांडी किंचित वाकली होती. त्या तड्याच्या आत जुनी काजळी बसली होती, म्हणजे तडा आगीआधीचा किंवा आगीच्या वेळचा, भंगारवाल्याच्या हातोड्याचा नव्हे.

"लोखंड वाकलंय," हे हळू म्हणाले. "खेचली होती, कुमुद. जीव खाऊन खेचली होती. पण दांडी बांधलेली होती."

"मग सांगू या त्याला."

"आणि रंग कुणी लावला, तेही सांगायचं?"

स्वस्तिक त्याचं, म्हणजे रंगाचा ब्रशही त्याच्याच हातात. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं, असला प्रकार. पण लपवून ठेवायला ती काय आमची वस्तू होती?

पुढच्या खेपेला कमळाकर आला तेव्हा यांनी त्याला भिंगातून सगळं दाखवलं. तो बराच वेळ बघत होता. रंगावर बोट ठेवलं, आणि त्याला कळलं. आम्हाला काहीच सांगावं लागलं नाही.

"दर दसऱ्याला मीच रंगवायचो," तो म्हणाला. "यंत्रांना रंग दिला, नि हिला नाय दिला तर बरं दिसंल का? आमी तिला देवासारकी ठेवली." मग म्हणाला, "ताई, सोनावयनीला दाखवाल? रंगाचं पन सांगा. काय ते सगलं सांगा."

सोनाबाईला आणणं म्हणजे मोठं काम. बाजारात मी विषय काढला तेव्हा कोयता चालवता चालवता म्हणाली, "त्याचं काय बघायचं ऱ्हायलंय?" मी म्हटलं, त्याचं नको बघू, पेटी बघ, शिवाच्या कारखान्यातली आहे. त्यावर तिचा हात थांबला.

ती आली तेव्हा कमळाकर आधीच भिंतीला टेकून उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. हे काजळी, तडा, वाकलेलं लोखंड समजावून सांगू लागले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सायेब, शिकलेली मानसं तवा पन असंच बोलली व्हती. तवा काच दाखवली, आता रंग दाखवता. मला काय कळतं?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मग ज्या पेटीवरची धूळसुद्धा मला पुसू देत नाहीत, ती यांनी तिच्या पुढ्यात सरकवली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"तुम्हीच खेचा," हे म्हणाले.

"अहो, काच," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

"मोडू दे," हे म्हणाले.

सोनाबाईने पदर खोचला. आयुष्यभर टोपल्या उचललेले हात ते. तिने खेचलं. दांडी हलली नाही. तिने पाय रोवले, ओठ दाबले, आणि सगळं अंग मागे टाकून खेचलं. टेबल सरकलं, हे सरकले, दांडी तिथेच. तिसऱ्या वेळी तिच्या घशातून आवाज निघाला आणि ती थांबली. मनगटं चोळू लागली.

मग तिने पेटी जवळ घेतली आणि नखाने रंग खरवडला. निळा दोरा मोकळा झाला. तिने तो दोन बोटांत धरून चोळला, उजेडाकडे नेला.

"ह्यो जालीचा दोरा हाय," ती म्हणाली. "आमच्या घरातला. साध्या दोऱ्यातला हार तुटतो, म्हनून दसऱ्याला मी जालीच्या दोऱ्यात ववून देयाचे. शिवा न्यायचा."

हे चार दिवस ज्याचं उत्तर शोधत होते, ते आता कुणालाच नको होतं.

"रंग मी लावायचो, वयनी," कमळाकर भिंतीपाशीच उभा राहून म्हणाला. "तुमच्या दोऱ्याने काय व्हतंय. रंग माजा व्हता."

ती हातातल्या दोऱ्याकडे बघत राहिली. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसले नाहीत. मग तिने मान वर केली आणि त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"जाम दुकलं असंल हातांना," ती म्हणाली. "बसा, भावजी."

कमळाकर बसला. खुर्ची होती, तरी खाली जमिनीवर बसला.