फळाबाहेरची बी

आमच्या भाचीच्या नवऱ्याने काजूची बाग सांभाळायचं मनावर घेतलं, तोवर त्यांना काजू भेटला होता तो फक्त वाटीत. दाजींनी, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांनी, स्पष्टच सांगितलं, "यंदाचा हंगाम तुम्ही काढा. जमलं तर बाग तुमची, नाहीतर विकून मोकळा होतो."

पहिल्याच संध्याकाळी मी गेलो तर अंगणात चिरलेल्या बोंडांचा डोंगर! रस एवढा वाहिला होता की कोंबड्या पोहायला शिकल्या. मधोमध सुरी घेऊन जावईबापू.

"मामा, घात झाला! एकाही फळात काजू नाही."

"अहो, बोंडाच्या बुडाशी लोंबत होतं ते कुठाय?"

"ते देठासारखं? पिरगळून झाडाखाली टाकलं."

"तोच काजू!"

"बी फळाच्या बाहेर?" ते माझ्याकडे असे बघत राहिले की क्षणभर मलाच शंका आली. खात्री करायला एक बी आणून त्यांनी दाताखाली फोडली. टरफलातलं तेल ते! ओठ असे सुजले की वर कपबशी ठेवावी.

बिया वेचल्या, उन्हात खडखडीत वाळवल्या. भोकं पाडलेल्या पत्र्यावर भाजायला टाकल्या, तर तेलाने भडका घेतला. जावईबापू बादली घेऊन धावले. भाचीने सदरा धरून मागे ओढलं.

"अहो, जळू द्या की जरा!"

"जळू द्या? मग खायचं काय?"

धूर असा उठला की कावळे खोकत गाव सोडून गेले. मग बिया राखेत विझवल्या, हाताला राख चोळून टरफलं फोडली, गर वाळवला.

"झालं?"

"आता साल सोला."

"अजून साल आहेच?"

शेवटी पांढरेशुभ्र काजू दाजींपुढे आले. दाजींनी एक चावला, मान डोलावली.

"एक विचारू?" जावईबापू म्हणाले. "पहिल्यांदा ज्याने ही बी फोडली, त्याचेही ओठ सुजले असतील. मग त्याने ती पुन्हा तोंडात का घातली?"

दाजींचा घास थांबला. जन्मभर काजू केले, पण हे काही सुचलं नव्हतं. ते भाचीकडे बघू लागले, मग माझ्याकडे. मी आढ्याकडे.

"बाग तुमची," दाजी उठत म्हणाले. "मला तर आता यातलं काहीच कळेनासं झालंय."