काळ्या तोंडाची लस

सुप्याच्या बाजारतळावर त्या रविवारी शे-दीडशे माणूस जमलं होतं आणि आमच्या पोलिओच्या बूथवर माशा. १९९९चा जानेवारी, डोसाची दुसरी फेरी. मी शाळामास्तर, म्हणून या कामाला जुंपलेला. शेवटी टेबल सोडून गर्दीत घुसलो.

मधोमध धुनी पेटवून अंगारेबाबा बसला होता. सकाळीच त्यानं माणूस पाठवून माझ्याकडून डोसाची एक रिकामी बाटली नेली होती आणि मी मूर्खासारखी दिली होती. लेबलावरच्या जांभळ्या गोलातला पांढरा चौकोन त्यानं सगळ्यांना फिरवून दाखवला, बाटली धुनीतल्या अंगाऱ्यात पुरली आणि डोळे मिटून पुटपुटत बसला. त्या अंगाऱ्याला बाबाशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. काही मिनिटांनी बाटली वर आली, तर चौकोन काळाजांभळा.

"बघा, इखानं त्वांड काळं केलं," बाबा म्हणाला. "तुमचा वंश बुडवायला गोऱ्यांनी धाडलंय. न्हायतर फुकट कोण कुणाला देतं?"

खरं सांगतो, हा शेवटचा प्रश्न मलाही पडायचा. सरकारी फुकटाचा मला भरवसा नाही. पण तो चौकोन मुळात लेबलावर छापलाच कशाला, हे बाबा सांगत नव्हता. माझं डोकं तिथं अडकलं.

गर्दीत नकोशी नावाची बाई होती, कडेवर दीड वर्षांचा सिद्धू. तिच्या थोरल्या लेकीचा पाय पोलिओनं गेलेला. ती बूथकडं निघाली तसा तिच्या सासऱ्यानं, धोंडीबानं, दंड धरून तिला मागं ओढलं. मला म्हाताऱ्याचा संताप आला. पण त्यालाही नातवाचीच काळजी होती.

मी आरोग्य केंद्राच्या करुणा सिस्टरना बोलावून आणलं. काळा चौकोन बघून त्या हसल्याच. चहाच्या गाड्यावरून त्यांनी उकळत्या पाण्याचं पातेलं मागवलं आणि दुसरी रिकामी बाटली धोंडीबाच्या हातात दिली.

"आबा, तुमीच टाका ह्यात. मंत्रबिंत्र म्हणू नका."

थोड्या वेळानं म्हाताऱ्यानं पळीनं बाटली बाहेर काढली. चौकोन काळा.

सिस्टरनी सगळ्यांना समजावलं. लस परदेशातून बर्फात येते. वाटेत गरम झाली तर वाया जाते, म्हणून ही खूण. आफ्रिकेतल्या झोपडीत असो की सुप्यात, वाचता न येणाऱ्या माणसालाही चौकोन बघून लस चांगली की खराब ते कळतं. चौकोन काळा दिसला की ती बाटली फेकून द्यायची.

"आन फुकट का?" धोंडीबानं विचारलं.

"आपल्या एका जरी पोराच्या पोटात हा रोग ऱ्हायला, तर विमानातनं त्यांच्या पोरांपतुर जातोय. त्यांचा बी स्वार्थ हाय, आबा."

हे म्हाताऱ्याला पटलं. तो तडक धुनीपाशी गेला आणि दंडक मोडून अंगाऱ्यात बोट खुपसलं.

"आरं, खाली इस्तू हाय की," बोट झटकत तो म्हणाला. डिसेंबरच्या फेरीतली एखादी रिकामी बाटली धुनीजवळ पडली असेल आणि बाबाला ही विद्या सापडली असेल. बाबा मात्र झोळी आवरून मोरगावच्या एसटीकडं चालू लागला होता.

नकोशी बूथवर आली, पण सिद्धूला लगेच पुढं केलं नाही. आधी बाटली मागून घेतली, उन्हात धरून चौकोन निरखला, मग पोराचं तोंड उघडलं.

"थोरलीच्या येळंला बी मला असंच मागं वढलं व्हतं," ती म्हणाली. धोंडीबानं मान खाली घातली.

संशय घेणं वाईट नाही. सरकारवर घ्या, परदेशावर घ्या, माझ्यासारख्या मास्तरावरही घ्या. पण जो माणूस तुम्हाला हात लावून बघू देत नाही, त्याच्यावर सगळ्यात आधी घ्या.